मोडी कागदांची दुरुस्ती: एका संवर्धन कार्यशाळेचे काम

घरातील मोडी कागद आणि इंग्रजी अमदानीतील काही खरेदीखते पुण्यातील एका छोट्या कागद-संवर्धन कार्यशाळेकडे दुरुस्तीसाठी दिली होती, आणि परत आलेले काम पाहून मनापासून समाधान वाटले. मोडी कागदांवरील काजळीची शाई उजेडाने फिकी पडत नाही, परंतु डिंकात कालवलेली असल्यामुळे ओलाव्याने पसरू शकते. याउलट खरेदीखतांवरील लोहयुक्त शाई आम्लधर्मी असल्याने हळूहळू कागदच खाऊन टाकते. म्हणून दोन्हींना सरसकट एकच उपचार न देता, प्रत्येक शाईची कोपऱ्यात थेंबभर पाण्याने चाचणी घेऊनच पुढचे काम केले गेले, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

घड्यांवर फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने चिकटवला आहे. ही खळ ओलावा देऊन पुन्हा सोडवता येते, त्यामुळे उद्या अधिक चांगली पद्धत निघाली तर आजची दुरुस्ती मूळ कागदाला फारशी इजा न करता काढता येईल. कसरीने पाडलेली छिद्रे भरली आहेत, पण गेलेली अक्षरे अंदाजाने लिहिलेली नाहीत, हे योग्यच झाले.

जुन्या सेलोटेपचे पिवळे डाग पूर्ण गेले नाहीत. तशी कल्पना त्यांनी आधीच दिली होती. दर चढे आहेत आणि थांबावेही बरेच लागते. तरीही दस्तऐवज प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी अशा जाणकारांना कागद दाखवावेत, कारण उष्णतेने चिकटवलेले ते आवरण कागदाला धक्का न लावता काढणे जवळजवळ अशक्य असते.