झूम एच५ रेकॉर्डर: अकरा महिने, नागपूर आणि साउंडची पहिली कामं

पोळ्याच्या चार दिवस आधी हा रेकॉर्डर माझ्या हातात आला आणि आता पुन्हा श्रावण लागतोय. सीताबर्डीच्या एका लग्नाच्या व्हिडिओग्राफरकडून जुना घेतला, वरचा माइक आणि केससकट १४,००० रुपयांना. तेव्हापासून यावर सहा शॉर्ट फिल्म, एक माहितीपट, कोचिंग क्लासच्या काही जाहिराती आणि एका वेब सिरीजचे तीन एपिसोड केले. ज्यांना नागपुरात राहून फिल्मच्या कामात शिरायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय. मी घेताना मराठीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं.

कॅमेरा का नाही घेतला, हे सगळे विचारतात. माझ्या ओळखीत कॅमेरावाले अकरा आणि ड्रोनवाले तीन. साउंडवाला एकही नाही. कुणाच्याही शूटवर जा, कॅमेऱ्यावर टोचलेला छोटासा माइक, नाहीतर कलाकाराच्या खिशात मोबाइल. एका मित्राच्या फिल्मवर मी नुसती क्लॅप धरायला गेले होते. फुटाळा तलावाच्या काठावर उभी राहून नायिका वडिलांबद्दल बोलते, असा सीन. ती इतकी सुंदर बोलली की आम्ही सगळे गप्प झालो. रात्री फाइल लावली तर ट्रॅकवर नुसता वारा. आठवड्याने डबिंग केलं, शब्द तेच होते, पण ते बोलणं काही परत आलं नाही. मी साउंडकडे वळले ते तिथूनच.

आता मशीनबद्दल. वर एक्स-वाय पद्धतीचा (दोन माइक एकमेकांना छेदून बसवलेले) स्टिरिओ माइक आहे, तो काढता येतो. खाली दोन एक्सएलआर इनपुट (बाहेरचे माइक जोडायच्या जागा) आणि त्यांना ४८ व्होल्टचा फॅन्टम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज. शॉटगन (समोरचा आवाज पकडणारा लांबट) माइक चालवायचा तर बहुतेक वेळा तो लागतो, आणि माझ्या दृष्टीने हा रेकॉर्डर घेण्याचं मुख्य कारण तेच. एका वेळी चार ट्रॅक होतात, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत; ९६ किलोहर्ट्झ फक्त स्टिरिओ फाइलला. फिल्मसाठी ४८ किलोहर्ट्झ पुरे. त्या हिशेबाने स्टिरिओचा एक तास जवळजवळ एक जीबी घेतो. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच चालतं, पण मला एका दिवसात ते कधी भरता आलेलं नाही. गेनची, म्हणजे आवाज किती उचलायचा ते ठरवणारी, बटणं हाताने फिरवायची आहेत आणि समोर आडवा दांडा असल्यामुळे पिशवीत धक्का लागून हलत नाहीत. मेन्यू मात्र छोट्याशा पडद्यावर, कंटाळवाणा. उन्हात पडदा वाचायला हाताची सावली करावी लागते.

पहिलं खरं काम म्हणजे मारबत. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, सोबत बडगे, तेही पुतळेच, आणि महाल-इतवारीची सगळी जुनी वस्ती रस्त्यावर. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी हजारो गळ्यांतून एकदम उठते. मी शहीद चौकाजवळ एका दुकानाच्या पायरीवर उभी होते, वरच्या माइकवर केसाळ विंडशील्ड. ढोलताशा आला तसा लाल दिवा पेटला तो विझेचना. मुख्य फाइल फुटली होती, म्हणजे पातळीबाहेर जाऊन आवाज फाटला होता. पण यात बॅकअप रेकॉर्ड नावाची एक सोय आहे: तोच आवाज १२ डीबी (डेसिबल) कमी पातळीवर दुसऱ्या फाइलमध्येही जातो. ती फाइल स्वच्छ निघाली. त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा पुढे माहितीपटात गेला आणि माझं नाव पहिल्यांदा पडद्यावर आलं. बाबांनी ती श्रेयनामावली तीनदा लावून बघितली.

ही सोय फक्त वरच्या माइकसाठी आहे, एक्सएलआरवरच्या माइकला ती नाही. मी मॅन्युअल नीट वाचलं नव्हतं, म्हणून हे नंदनवनच्या एका फ्लॅटमध्ये कळलं. भावाभावांच्या भांडणाचा सीन. तालमीत नट पुटपुटत होता, मी त्या मापाने गेन लावला, आणि टेकला तो जीव तोडून ओरडला. बूमचा (लांब दांड्यावरच्या माइकचा) ट्रॅक फुटला आणि मागे काहीच नव्हतं. दिग्दर्शकाला दुसरा टेक घ्यावा लागला आणि तो पहिल्यासारखा झाला नाही. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी नटाला आधीच जाऊन विचारते, ‘दादा, टेकमध्ये किती मोठ्याने बोलणार आहात?’ आणि आवाजाची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास राहतील इतकाच गेन ठेवते. ज्यांना ही धाकधूक नको असेल त्यांनी झूमचेच २०२४ मध्ये आलेले ३२ बिट फ्लोटचे एसेन्शियल मॉडेल बघावेत, त्यात गेन लावायची भानगडच नाही. पण गेन लावता लावता माझा कान तयार झाला, ते मला हवं होतं.

आता कूलरबद्दल. विदर्भात साउंड करायचं तर तुमचा अर्धा वेळ कूलरशी झगडण्यात जाणार. मे महिन्यात महालातल्या एका जुन्या घरात शूट होतं, बाहेर ४५ अंश. कूलर बंद केला की पंखा थांबायलाच अर्धा मिनिट. पंखा थांबला तर पंपाची घरघर. पंप बंद केला तर वाळ्याच्या ताट्यांतून पाणी खालच्या टाकीत टपटप टपटप. खोलीत उभं राहिलात तर ते ऐकूही येत नाही, हेडफोनमध्ये मात्र प्रत्येक थेंब संवादाच्या मधोमध पडतो. शेवटी घरमालकांचा जुना टॉवेल मागून घेतला, टाकीतल्या पाण्यावर अंथरला आणि एक टोक ताटीला टेकवलं. थेंब टॉवेलवरून ओघळून मुकाट खाली जायला लागले. मग शेजारचा कूलर ऐकू यायला लागला. मी भिंतीपलीकडे गेले.

‘काकू, पाच मिनिटं कूलर बंद करता का?’

‘काऊन बाई? करंट लागला का कोणाले?’

‘नाही हो, शूटिंग चालू आहे. आवाज येऊन राहिला.’

‘हाव, कर बंद. पण पाचच मिनिटं, सासूबाई झोपल्या आहेत आत.’

पाच मिनिटांत एक टेक, मग दहा मिनिटं सगळे कूलर चालू, नटाचा घाम पुसायचा, पुन्हा पाच मिनिटं. दिवसभर असंच. संध्याकाळी मी त्या खोलीचा एक मिनिटाचा रूम टोन (कुणी न बोलता नुसत्या खोलीचा आवाज) घेतला, त्याशिवाय ते टेक एकमेकांना जोडताच आले नसते. रूम टोन घेताना युनिटमधल्या वीस माणसांना गप्प उभं करायला सुरुवातीला फार संकोच वाटायचा. आता मी स्पष्ट सांगते, कुणी हलायचं नाही.

बॅटरीचं थोडक्यात. दोन पेन्सिल सेल लागतात. कंपनी १५ तास म्हणते ते वरच्या माइकवर आणि अल्कलाइन सेलवर; फॅन्टम चालू केला की तो हिशेब विसरा. मी रिचार्जेबल वापरते, दिवसाला तीन जोड्या. मेन्यूत सेलचा प्रकार बदलायला विसरू नका, कारण रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि सेटिंग अल्कलाइनवर राहिलं तर उरलेली बॅटरी चुकीची दिसते. यूएसबी केबल जुनी मिनी यूएसबीची लागते, ती घरात सापडणार नाही, वेगळी घेऊन ठेवा.

टाइमकोड, म्हणजे कॅमेरा आणि आवाज जुळवायला लागणारी वेळेची खूण, यात नाही. त्यामुळे क्लॅप हवीच, आणि क्लॅप देणाऱ्याने सीन आणि टेकचा नंबर मोठ्याने म्हटला पाहिजे. जुळवाजुळव डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत आवाजाच्या लहरींवरून होते. छोट्या टेकला काहीच अडचण येत नाही.

जानेवारीत माहितीपटवाल्यांसोबत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला गेले, झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक रेकॉर्ड करायला. रात्री दहाला पडदा उघडला तो पहाटेपर्यंत, कडाक्याची थंडी, आणि लोक चादरी पांघरून जागचे हलेनात. तिथल्या साउंडवाल्या काकांनी मिक्सरमधून लाइन दिली. लाइनचा आवाज माइक इनपुटला झेपत नाही, म्हणून पॅड, म्हणजे येणारा आवाज कमी करणारी सोय, उणे २० डीबीवर ठेवला. वरचा माइक प्रेक्षकांकडे. एका मशीनवर मंचही आला आणि मंडपातलं हसणं-रडणंही. या मशीनवर आजवर केलेलं माझं सगळ्यात आवडतं रेकॉर्डिंग हेच. चार ट्रॅकची किंमत त्या रात्री वसूल झाली.

पैशांचं खरं सांगते. पहिल्या तीन फिल्म फुकट केल्या. चौथीला दिवसाचे ८०० मिळाले. आता स्वतःच्या सामानासह दिवसाचे २,५०० घेते, पण महिन्यात काम सहा-सात दिवसच असतं. बाकीचे दिवस मी ट्यूशन घेते. एका निर्मात्याकडे माझे ७,००० अडकलेत आणि आता ते फोनही उचलत नाहीत. आता अर्धे पैसे आधी घेते, आणि कामाचे दिवस, दर सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून मागते. शॉटगन, बूम, हेडफोन, विंडशील्ड धरून सगळं मिळून ३८,००० लागले, ते मे महिन्यात भरून निघाले. लक्षात घ्या, नुसत्या रेकॉर्डरने काम होत नाही. पैसे तोकडे असतील तर वरच्या मॉडेलच्या मागे न लागता चांगला बंद कपांचा हेडफोन आधी घ्या.

एप्रिलमध्ये एका मराठी चित्रपटाचं युनिट रामटेकला आलं होतं. मुंबईहून आलेल्या साउंड रेकॉर्डिस्टना स्थानिक मदतनीस हवा होता. मी झूम घेऊन गेले, पण तो बारा दिवसांत एकदाही पिशवीबाहेर निघाला नाही. त्यांच्या गळ्यातल्या बॅगेत आठ चॅनलचा मिक्सर, चार वायरलेस, टाइमकोड, सगळं वेगळ्याच पातळीचं. सरांनी बघितला तो माझा साउंड रिपोर्ट. दर टेकला फाइल नंबर, कोणता माइक, कुठे रिक्षा गेली, कुठे संवाद दबला, हे मी वहीत लिहायचे, कारण झूमच्या फाइलींची नावं नुसते ओळीने वाढणारे आकडे असतात आणि वहीशिवाय काही सापडत नाही. त्यांनी वही चाळली आणि तिसऱ्या दिवशी बूम माझ्या हातात दिला. चौथ्या दिवशी खांदे उचलवेनात. पण नटाच्या श्वासापर्यंत माइक नेऊन फ्रेमबाहेर ठेवायचा, हे त्या बारा दिवसांत शिकले.

आता पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेच्या साउंडच्या अभ्यासक्रमाची तयारी करतेय. पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स हवं, दोन्ही आहे. पुण्याला गेले तरी हा रेकॉर्डर विकणार नाही.

जुना घेणार असाल तर एवढं करा. स्वतःचा हेडफोन, एक एक्सएलआर केबल आणि फॅन्टमवर चालणारा माइक घेऊन जा. दोन्ही इनपुटला फॅन्टम येतो का, बघा. केबल लावून हळूच हलवा, खरखर आली तर सोडून द्या. गेनची बटणं फिरवताना कचकच ऐकू येता कामा नये. वरचा माइक काढून पुन्हा बसवा, मशीनने तो लगेच ओळखला पाहिजे. मग दुकानाचं दार लावायला सांगा, पंखा बंद करा, आणि दोन मिनिटं काहीही न बोलता रेकॉर्ड करून तिथेच ऐका.