गिअरचा व्हील पाना: नट सोडवायला एक नंबर, आवळायला नाही

गावापासून लांब राहता आणि ट्रकचा टायर स्वतःच बदलावा लागतो, तर जॅकनंतर पहिला पैसा गिअरच्या व्हील पान्यावर घाला. अडतं ते नेहमी नटांपाशीच. मोठ्या ट्रकचा नट ६०० न्यूटन-मीटरच्या (पिळाचा जोर मोजायचं माप) आसपास आवळलेला असतो. त्यावर गंज चढला की साधा पाना, त्याला लावलेला लांब पाइप आणि पाइपावर उभा राहिलेला माणूस, सगळे मिळूनही कमी पडतात. पाइप निसटून लागलं, तर आडरानात मदतीला कोण येणार?

हा पाना म्हणजे गिअर भरलेली जाड नळी. माझ्या पान्यावर १:५८ लिहिलंय, म्हणजे हँडलचे ५८ फेरे झाले की नटाचा एक. पाना लावण्याआधी आटे बघून घ्या, काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच पाना लावायचा आणि त्याचा टेकू, म्हणजे नळी स्वतःच फिरू नये म्हणून तिला असलेला पाय, शेजारच्या नटावर सपाट बसवायचा. सुरुवातीला हँडल हलकं फिरतं. मग टेकू घट्ट बसतो, हाताला जड लागायला लागतं आणि एकदम ‘कट्ट’ करून नट सुटतो. टेकूपाशी बोट अजिबात नको, तिथे नटाइतकाच जोर येतो. एकदा पकड सुटली की पुढचं काम साध्या पान्याने उरका, नाहीतर हँडल फिरवून हात भरून येतात.

सोबत ३२ आणि ३३ मिमीचे सॉकेट आले, दोन्ही दणकट आहेत. डब्याची कडी मात्र अगदीच तकलादू, लगेच तुटली. पान्यापुढे ती तक्रार किरकोळ आहे.

आवळायला हा पाना वापरू नका. जोर किती लागतोय ते हाताला कळतच नाही आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जातो, कधी तुटतोही. त्यासाठी टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते कळणारा पाना, वेगळा घ्या, नट समोरासमोरचे आवळा, आणि ८० ते १६० किमी गाडी चालली की परत तपासा. सोडवणं आणि आवळणं एकाच पान्यात होतं असं सांगून विकणाऱ्याचं ऐकू नका.

चाक उतरेपर्यंतच या पान्याचं काम. जोडचाकातला एक जरी टायर बसला असेल किंवा रिम रिंगवाली (टायर अडवायला वेगळी लोखंडी रिंग बसवलेली) असेल, तर नटाला हात लावण्याआधी दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हमधल्या (हवा भरायच्या नळीतल्या) पिना काढून हवा पूर्ण सोडा. आणि रिंगवाल्या रिमवर टायर चढवून हवा भरणं घरी करूच नका. रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. ते काम लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच न्या, कितीही लांब असला तरी.