विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं अ‍ॅप : काही महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, अंतरासाठी डोळे झाकून वापरा. वेळेसाठी नको.

मुलगी न्यू जर्सीत, आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला. सोसायटीत अशी घरं बरीच, त्यामुळे तिकीट काढण्याआधी "जरा बघून द्या हो" म्हणत येणारेही बरेच. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ दाखवणारं हे फुकट अ‍ॅप त्यासाठीच घेतलं. नाव देत नाही, या जातीची बहुतेक अ‍ॅप एकाच हिशेबावर चालतात.

अंतर चोख. मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके, साधारण १२,५५० किलोमीटर. मात्र सेटिंगमध्ये जाऊन नॉटिकल मैलांचे किलोमीटर करून घ्या (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), नाहीतर आकडा पावणेसात हजारांच्या घरात दिसतो आणि अमेरिका उगाच जवळ वाटते. नकाशावरची रेघ पार आइसलंडपर्यंत चढते आणि ग्रीनलंडच्या बाजूने खाली येते. शेजारचे काका म्हणाले, "हे काहीतरी चुकलंय. सरळ पश्चिमेला का नाही जात?" नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला, तेव्हा पटलं.

खरा उपयोग झाला तो थांबे ताडून बघायला. दुबईमार्गे दोन्ही टप्प्यांची बेरीज १३,००० किलोमीटरच्या आत बसते, लंडनमार्गे १२,७५० च्या आसपास. म्हणजे लांबून जावं लागेल ही भीती फुकाची, वेळ खातो तो मधला मुक्काम. गुडघे दुखणाऱ्यांना मी आता बिनधास्त दुबईचा थांबा सुचवतो, फक्त तो तीन-चार तासांचा असावा. रात्रभर विमानतळावर बसवणारं तिकीट कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

आता वेळ. अ‍ॅप जाताना आणि येताना एकच आकडा सांगतं, पावणेपंधरा तासांच्या आसपास. अंतराला ठरावीक वेगाने भागायचं, वर अर्धा तास टाकायचा, झालं! वाऱ्याचा पत्ताच नाही. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो आणि हिवाळ्यात तो जास्तच जोरात असतो. म्हणून थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना चौदा-साडेचौदा. त्यात रेघ जाते पाकिस्तान-अफगाणिस्तानवरून, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. त्यांना वळसा घालावा लागला, अ‍ॅपची रेघ आपली तिथेच.

घड्याळातला फरकही बारा महिने साडेदहा तास दाखवतं. तिकडे मार्चमध्ये घड्याळं पुढे जातात, मग नोव्हेंबरपर्यंत फरक साडेनऊच असतो. उतरण्याची वेळ तिकिटावरचीच धरा, न्यायला येणाऱ्यांनाही तीच कळवा.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली. यादीत एनएमआय (त्याचा कोड) आता दिसतं, पण नुसतं "मुंबई" टाकलं की अ‍ॅप जुनाच विमानतळ धरतं. हवेतल्या अंतरात त्याने काही बिघडत नाही. ठाण्याहून निघणाऱ्याला मात्र ऐरोलीमार्गे उलव्याकडे, म्हणजे नव्या विमानतळाला जायचं की अंधेरीकडे जुन्याला, हे आदल्या रात्रीच माहीत हवं. घोडबंदरवाल्यांनी ट्रॅफिकचा हिशेब स्वतंत्र करावा.

जाहिराती वैताग आणतात. पाचपैकी साडेतीन.