शेतराखणीसाठी बंदूक: ठासणीची, दुनळी, पंप की सेमी-ऑटोमॅटिक?

परदेशातल्या बदकशिकारीचे व्हिडिओ आता गावोगावच्या मोबाइलवर फिरतात. पहाटेचं धुकं, गवताच्या आडोशाला बसलेला शिकारी आणि हातातल्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीतून डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटलेले तीन बार. ते पाहून खाडीकाठी जमीन असलेले लोक विचारतात, की जुनी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, मोडीत काढून अशी नवी घ्यावी का. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्या व्हिडिओत सापडणार नाही. ती बंदूक ज्या कामासाठी घडली ते काम आपल्याकडे नाही, आणि आपल्याकडचं काम तिच्यासाठी नाही.

आधी बदकांचं बोलू. आपल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाणथळीत, आणि तळ्यांत अडई वर्षभर असते. भात कापणीला येतं त्या सुमारास तलवार बदक, थापट्या, भुवई बदक हे उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. पूर्वी त्यात शिकारीचा परवाना मिळण्याची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. पक्षी मेला नाही, नेम चुकला, तरी मारण्याचा प्रयत्न हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच. पेरलेलं भात अडई खाते ही तक्रार खरी आहे, पण त्यावर बंदूक हा इलाज नाही. बदकांसाठी म्हणून बंदूक घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. माझ्या मनाला विचाराल तर ते पाहुणे खाजणात सुखरूप उतरावेत हेच बरं.

उरतं ते शेतीसंरक्षण. भात दुधात आलं की रानडुकरं उतरतात, एका रात्रीत कुणगा लोळवून जातात. नारळ-सुपारीच्या बागेत माकडं आणि वानरं. डोंगरालगतच्या वाड्यांत गवा. गव्याला हात लावायचा नाही, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. डुक्कर मारायचं तरी आधी वन विभागाची परवानगी हवी. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. म्हणजे राखणदाराच्या बंदुकीचं रोजचं काम आवाज करून कळप पळवणं. क्वचित, परवानगी हातात असताना, जवळून एक नेमका बार. हे काम डोळ्यांसमोर ठेवून चारही प्रकार पाहू.

सेमी-ऑटोमॅटिक बंदूक ही शंभराहून अधिक वर्षांची जुनी कल्पना. अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंग यांची ऑटो-५ ही बंदूक बेल्जियमच्या कारखान्यातून १९०२ च्या सुमारास बाजारात आली. चाप ओढला की बार सुटतो, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं, नवं आत येतं. आजच्या बंदुकांत याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत नळीला बारीक भोक असतं. तिथून थोडा गॅस दट्ट्यावर येतो आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, मागे ढकलतो. खांद्याला धक्का कमी बसतो, पण जळक्या दारूची काजळी आत साचते, म्हणून सफाई वारंवार. दुसरीत बंदूक मागे ढकलली जाते त्या धक्क्याने बोल्टमधली जाड स्प्रिंग दबते आणि उलटून बोल्ट उघडते. आत काजळी कमी, सुटे भाग कमी. पण धक्का जास्त जाणवतो आणि हलकं काडतूस घातलं तर यंत्रणा फिरत नाही. चिखलपाण्यातल्या बदकशिकाऱ्यांना दुसरी रीत आवडते ती याच साधेपणामुळे.

तिथल्या गरजाही तिथल्याच. उडत्या थव्यावर पाठोपाठ बार हवेत, म्हणून ही यंत्रणा. त्यातही अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांवर तीनपेक्षा जास्त काडतुसं भरता येत नाहीत, मॅगझिनमध्ये, म्हणजे जादा काडतुसं राहतात त्या नळीत, अडसर बसवावा लागतो. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून तिथे सर्वत्र बंद. पोलादी छर्रे हलके, त्यांना वेग आणि दारू जास्त लागते, म्हणून ८९ मिलिमीटरची लांब काडतुसं आली आणि ती पेलणाऱ्या नव्या बंदुका आल्या. जाहिरातीत ‘साडेतीन इंची चेंबर’ (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा) मोठ्या अक्षरांत दिसतं त्यामागे हे कारण आहे. आपल्याकडे ती लांब काडतुसं मिळवायची कुठून, आणि मिळाली तरी मारायचं काय?

परवान्याचा प्रश्न त्याहून मोठा. शस्त्र नियम २०१६ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं निर्बंधित वर्गात येतात. साध्या शेतीसंरक्षण परवान्यावर ती चढवता येईल असं गृहीत धरू नका. परदेशी बंदूक आयात करण्याची मुभाही सर्वसामान्य परवानाधारकाला नाही, ती नामांकित नेमबाजांपुरती आहे. ‘कागदपत्रांचं मी बघतो’ असं कोणी सांगत असेल तर तिथूनच माघारी फिरा.

या सगळ्या अडचणी दूर झाल्या असत्या तरी मी खाडीकाठच्या शेतकऱ्याला ती घे म्हटलं नसतं. कारण आपली हवा. किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, वर खारा वारा. लोखंडाला मिठाची चटक लागली की ते आतून खात जातं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगा, पिना, हूक, मॅगझिनची नळी असे कितीतरी कोपरे आहेत जिथे चिंधी पोचत नाही. दस्त्याच्या आत दडलेली स्प्रिंग गंजली तर ते महिनाभर कळतही नाही, कळतं ते ऐन वेळी बोल्ट अर्ध्यावर अडकल्यावर. काडतुसांचंही तसंच. पावसाळाभर शेतावरच्या मांगरात राहिलेलं कागदी काडतूस फुगतं. प्लास्टिकचं फुगत नाही, पण त्याच्या बुडाच्या धातूवर हिरवट थर चढतो. दुनळीत असं काडतूस बसत नसेल तर बोटालाच कळतं, बाजूला ठेवता येतं. स्वयंचलित यंत्रणा ते ओढायला जाते आणि मध्येच अडकते. मग अंधारात, बॅटरी तोंडात धरून, भरलेल्या बंदुकीत बोटं घालायची वेळ येते. राखणीतला सगळ्यात वाईट प्रसंग मला हाच वाटतो.

पंप अ‍ॅक्शन ही मधली वाट. पुढची मूठ हाताने मागे-पुढे केली की काडतूस बदलतं. यंत्रणा मजबूत आहे, काडतूस हलकं की भारी याची तिला पर्वा नाही. आपल्याकडे आयुध कारखान्याची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप बंदूक मिळते. बँकेच्या पहारेकऱ्याला ती ठीक. पण भाताच्या राखणीला चार-पाच काडतुसं भरून ठेवायची गरज नसते, आणि मॅगझिनमध्ये एखादं राहून गेलं तर ते बाहेरून दिसत नाही. घरात पोरंबाळं असतील तर याचा विचार आधी करा.

ठासणीची बंदूक कोकणात घरोघरी होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी तिचाच उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं समाधान झालं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. आवाजाला ती कोणाला हार जात नाही. तिचे दोष मात्र गंभीर आहेत. काळ्या दारूची राख ओलावा ओढते, बार काढून रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबूस थर दिसतो. पावसात दारू सर्दते, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) वाजते आणि बार सुटतच नाही. अशा वेळी नळी निर्जन दिशेला धरून थांबायचं असतं, लगेच डोकावायचं नसतं. शिवाय भरलेली बंदूक रिकामी करणं जिकिरीचं, म्हणून लोक ती भरलेलीच खुंटीला टांगतात. तुमच्याकडे ठासणीची असेल तर एवढं तरी करा: रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी खूण करून ठेवा. पुढे गज त्या खुणेपर्यंत आत गेला नाही तर आत काहीतरी आहे.

माझा कौल दुनळीला, काडतुसी दुनळीला. मधोमध मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली, की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. भरली आहे की रिकामी हे शेजारी उभ्या माणसालाही कळतं, बांध ओलांडताना मोडून खांद्यावर टाकता येते. दोन चापांची असेल तर दोन वेगळ्या यंत्रणा मिळतात. एक बिघडली तरी दुसरी चालते. सारख्या लांबीच्या नळीची सेमी-ऑटोमॅटिक तिच्याहून सुमारे नऊ-दहा सेंटिमीटर लांब भरते, राखणीच्या माळ्यावर वळताना तो फरक जाणवतो. दोन बार पुरतील का, असं लोक विचारतात. पहिल्या बाराला कळप उधळतो. त्यानंतर अंधारात पळत्या सावल्यांवर बार टाकायचेच नाहीत, कारण मोठा छर्रा कित्येकशे मीटर जातो आणि आपल्या वाड्या एकमेकींना लागून आहेत. बंदुकीची एवढीच मर्यादा असेल तर ती मला हवीच आहे.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते, तेव्हाही दुनळीच सोयीची: तेलाचा हात फिरवून देता येते आणि परत आणल्यावर घरच्या घरी पूर्ण पुसता येते. घरी ती कापडी किंवा चामडी गवसणीत ठेवू नका, गवसणी ओल धरते. कुलपाच्या कपाटात उघडी ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून पाहा.

सेमी-ऑटोमॅटिकचा ध्यास सुटतच नसेल तर नेमबाजीच्या खेळाकडे वळा. आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या खेळांसाठी बारा बोअरपर्यंतच्या सेमी-ऑटोमॅटिक चालतात, पंप अ‍ॅक्शन चालत नाही. मोठ्या स्पर्धांत मात्र बहुतेकांच्या हातात एकावर एक नळ्यांची दुनळीच दिसते.

जुनी दुनळी घेताना घाई करू नका. नळीला दस्त्याशी जोडणारा पुढचा लाकडी भाग काढून बंदूक हलवून पाहा, सांधा खुळखुळला नाही पाहिजे. नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहा. बारीक खड्डे चालतील, खोल चर किंवा पोचा चालणार नाही. बाहेर घोडे, म्हणजे आघात करणारे हातोडे, असलेल्या फार जुन्या बंदुका खाली पडल्या तर उडू शकतात, त्या टाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेंबरची लांबी पाहा. कित्येक जुन्या विलायती दुनळ्या ६५ मिलिमीटरच्या आहेत. त्यांत ७० मिलिमीटरचं काडतूस सहज बसतं, पण सुटताना त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. लांबी बहुधा नळीच्या बुडाशी कोरलेली असते. ती नसेल किंवा अक्षरं झिजली असतील तर पैसे देण्याआधी जाणत्या कारागिराकडून मोजून घ्या.