स्पंजाचं डीएनए सिक्वेन्सिंग करून घेतलं: 5 पैकी 3 स्टार

लॅबचं नाव घेत नाही, पण असलं काम करून घेणाऱ्यांनी वाचा.

साताऱ्याजवळ माहुलीला संगमावर उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडाच्या खालच्या अंगाला हिरवट-करडा पापुद्रा दिसतो, लोकांना शेवाळ वाटतं, पण बोट फिरवलं की खरखरीत लागतं आणि वास तर असला की साबणानं पण जात नाही. तो गोड्या पाण्यातला स्पंज, वनस्पती नाही, प्राणी. जात ओळखायच्या प्रोजेक्टसाठी त्याचे 6 तुकडे काढले, 96 टक्के अल्कोहोलात भरले (फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, डीएनएची वाट लागते) आणि पोवई नाक्यावर कुरिअरला नेले तर अल्कोहोल म्हटल्यावर त्यानं हातच लावला नाही, शेवटी एक मित्र गाडीनं चालला होता त्याच्याकडं दिले.

बाराव्या दिवशी रिपोर्ट मेलवर, टाइमचे पक्के आहेत. पण 6 पैकी 2 सिक्वेन्स निघाले किड्याच्या अळीचे! अळ्या स्पंजाच्या भोकांतच राहतात, मी मायक्रोस्कोपखाली नीट साफ केलं नव्हतं, चूक माझी. तरी पाठवायच्या आधी डेटाबेसला एकदा लावून बघायचं की राव. फोन केला तर म्हणे, "सर, आम्ही फक्त रन करतो."

उरलेले 4 जवळजवळ सेम टू सेम. इथं खरी गोम. त्यांच्या स्वस्त पॅकेजमध्ये फक्त सीओआय जीन (प्राण्यांची जात ओळखायला नेहमी वापरतात तो) असतो आणि स्पंजात तो फार हळू बदलतो. रशियातला बैकल तलाव सुमारे 2.5 कोटी वर्षं जुना, तिथं लुबोमिर्स्किडी नावाचं स्पंजाचं अख्खं घराणं आहे जे दुसरीकडं कुठं मिळत नाही, पण त्यातल्या जाती सीओआयवरून धड वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून लोक आयटीएस वगैरे जास्त बदलणारे भाग बघतात. वर या घराण्यातल्या स्पंजांना जेम्युल, म्हणजे वाईट दिवसांत तग धरणारी बीजं, नसतातच. आपल्याकडच्या स्पंजात ती मोहरीपेक्षा बारीक पिवळट बीजं उन्हाळ्यात मिळतात आणि त्यांच्यावरच्या काट्यांवरून जात ओळखता येते, निम्मं काम तिथंच होतं. मी पण नंतर तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये उकळून स्पंजाच्या अंगातल्या सूक्ष्म काट्यांची स्लाइड केली, तर 4 पैकी एकाचे काटे सरळ वेगळे.

आयटीएसचे पैसे वेगळे पडले. 2 नमुने मात्र फुकट परत रन करून दिले, त्याचा एक स्टार. फोनवरच्या मॅडम पण नीट बोलतात, फक्त दुपारी 2 ते 4 फोन करू नका, कोणी उचलत नाही.