उपकेंद्रात कंबर मोजून घेतली, त्याचा अनुभव

आमच्या गावच्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर, बीपी, वजन, कंबर फुकटात तपासतात. मी चार महिने जातेय म्हणून लिहितेय. तपासणी एक नंबर आहे, त्याच्यानंतरचं जे आहे त्यात मात्र बरीच सुधारणा पाहिजे.

मी ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवते, वीस वर्षं झाली. दिवसभर बायकांची मापं घेते. जुने ब्लाऊज घेऊन बायका येतात, आतली माया उसवून ढिला करून द्या म्हणतात, आणि आता तर नवीन शिवायला टाकतानाच सांगतात की ताई माया जास्त ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी आपण वाढणारच हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मग आशाताई सीबॅकचा फॉर्म, म्हणजे शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका किती ते बघायचा फॉर्म, भरायला घरी आल्या. तो फॉर्म मला फार पटला कारण त्यात साधे मार्क आहेत. वय ४० ते ४९ असेल तर २, बाईची कंबर ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर ०, ९० पर्यंत १ आणि त्यापुढं २, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम होत नसेल तर १, आईवडील किंवा भावंडांत कुणाला शुगर-बीपी असेल तर २. बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीला आधी नंबर. माझी ७ आली. टेप माझीच होती, पण ताईंनी ती परकराच्या नाडीवर नाही लावली, बेंबीजवळ लावली, श्वास सोडा म्हणाल्या आणि मग आकडा वाचला, ९४. ड्रेससाठी मी कंबर घेते ती वरची बारीक जागा बघून, तिथं माझं माप ३५ इंच येतं, इथं ३७ आलं. इतकी वर्षं टेप गळ्यात आहे आणि ही जागा मी कधी मोजलीच नव्हती.

उपकेंद्रात सीएचओ मॅडमनी, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी, बोटातून रक्त घेतलं, शुगर १५६ आली, म्हणून उपाशीपोटी परत बोलावलं. एक गोष्ट मनापासून सांगते, मॅडम एकदाही 'जाड' म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं. आम्ही पाच जण आणि पाच लिटरचा कॅन. त्या म्हणाल्या माणशी अर्धा लिटर पुरे, म्हणजे आमचं बरोबर दुप्पट चाललं होतं. कुठला कागद हातात देऊन काकडी-सॅलड खा सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण कॅन कधी संपतो ते मला रोज दिसतं.

आता तक्रार. उपाशीपोटी दोन वेळा गेले आणि दोन्ही वेळा शुगरच्या पट्ट्या संपलेल्या. सकाळी काही न खाता, काम बंद ठेवून माणूस येतो, निदान आदल्या दिवशी आशाताईंना तरी कळवायला पाहिजे ना. तिसऱ्यांदा झाली, ११२, म्हणजे डायबिटीस नाही पण काठावर. आणि योगाचा वर्ग सकाळी दहाला ठेवलाय, तेव्हा निम्म्या बायका रानात आणि बाकीच्या डबे करून कामाला लागलेल्या, येणार कोण? संध्याकाळी पाचला ठेवा, मी स्वतः दहा बायका घेऊन येते. चाचणी करून फक्त आकडा सांगितला आणि पुढं चालायला-वाकायला जागा आणि वेळ दिली नाही तर बाई घरी जाऊन परत शिलाई मशीनवरच बसणार.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या देशभरातल्या बायकांत २४ टक्के जणींचं वजन जास्त निघालं, म्हणजे माझ्याकडं मापाला येणाऱ्या चौघींतली एक. त्यांना मी आता माप घेतानाच सांगते, उपकेंद्रात जाऊन या.

मी रोज संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत चालून येते, तेल तीन लिटरवर आलंय, कंबर ९१. अजून ९० च्या वरच आहे, म्हणजे फॉर्मात कंबरेचे २ मार्क तेवढेच.

जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारी मॅडम गावभेटीला जातात. आधार कार्ड आणि मोबाईल न्या. लसीकरणाच्या दिवशी नका जाऊ, बाळांची रांग असते, नीट बोलायला वेळ मिळत नाही.