फिमो प्रोफेशनल: मिनिएचरच्या अदलाबदलीसाठी मळायला अवघड, पण भरवशाची क्ले

बाहुलीघरासाठी स्वतःपुरती वस्तू करायची असेल, तर कुठलीही पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती, चालून जाते. बशी जरा जाड झाली तर ती कपाटात मागे सरकवता येते. गटात अदलाबदल ठरली की मात्र सगळा हिशेब बदलतो. दहा जण असतील तर प्रत्येकाने एकच वस्तू नऊ जणांसाठी करायची, आणि बदल्यात नऊ निरनिराळ्या वस्तू घरी येतात. म्हणजे शेवटची वस्तू पहिलीसारखीच दिसायला हवी, टपालातले धक्के सोसून धड पोचायला हवी आणि दुसऱ्याच्या घरातल्या टेबलावर मापात बसायला हवी. मी फिमो प्रोफेशनल याच कामासाठी वापरते, त्यामुळे हे परीक्षणही त्याच नजरेने केलेलं आहे. दागिने करणाऱ्यांच्या अपेक्षा वेगळ्या असतात.

फिमोचं बाहुल्यांशी नातं जुनं आहे. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांच्याकडे हे द्रव्य बाहुल्यांची डोकी करून बघण्यासाठी आलं होतं. त्या कामाला ते जमलं नाही, पण त्यांची मुलगी सोफी हिने ते हाती घेऊन पुढे नेलं. १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेलं आणि आज ते स्टेडलर बनवते. 'सॉफ्ट' हा प्रकार ५७ ग्रॅमच्या वडीत मिळतो, 'प्रोफेशनल' ८५ ग्रॅमच्या. नवशिके सहसा सॉफ्टकडे वळतात, कारण ती बोटांनी लगेच मऊ होते. माझा सल्ला उलटा आहे. अदलाबदलीसाठी प्रोफेशनलच घ्या.

ती मळायला कष्ट पडतात, हे आधीच सांगते. वडी घट्ट असते. ब्लेडने पातळ चकत्या करायच्या, त्या तळहातात थोड्या गरम होऊ द्यायच्या आणि मग मळायला घ्यायचं. चकती दुमडली तरी कडेला चिरा पडत नाहीत, तोवर थांबायचं नाही. मनगट दुखत असेल त्यांनी क्ले लाटायच्या मशीनमधून ती काढावी, पण सुरुवातीला तुकडे जाडच ठेवावेत.

या घट्टपणाचं मोल कळतं ते केन करताना. केन म्हणजे आडवी कापली की प्रत्येक चकतीत तीच नक्षी दिसते अशी क्लेची कांडी. संत्र्याची चकती घ्या. खरं संत्रं साधारण ७२ मिलिमीटरचं धरलं, तर १:१२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यात, ते ६ मिलिमीटरचं झालं. एवढ्याशा चकतीत फोडी, त्यांच्यामधले पांढरे पडदे आणि साल एकेक करून बसवणं कुणाच्याच हाताला जमणार नाही. म्हणून आधी ३ सेंटिमीटर व्यासाची, ३ सेंटिमीटर लांबीची जाडजूड केन रचायची, आणि ती सगळीकडून सारखी दाबत, लाटत बारीक करायची. व्यास पाचपट कमी झाला की लांबी पंचवीसपट वाढते. तेवढ्याच क्लेची ७५ सेंटिमीटर लांब कांडी होते. टोकांकडचा वेडावाकडा भाग टाकून दिला, तरी साऱ्या गटाला पुरून उरतील इतक्या चकत्या निघतात, आणि सगळ्या एकाच नक्षीच्या. मऊ क्लेमध्ये या प्रवासात पांढरे पडदे केशरी रंगात मिसळून जातात. प्रोफेशनलमध्ये केसाएवढा पडदासुद्धा शेवटपर्यंत वेगळा दिसतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती चकती भिंगाखाली धरून कितीतरी वेळ बघत बसले होते. कापण्याआधी केन थंड होऊ द्या, नाहीतर ब्लेडखाली ती चपटी होते.

रंग ही दुसरी मोठी जमेची बाजू. शुद्ध पिवळा, मॅजेंटा आणि निळा असले की हवी ती छटा तयार करता येते, आणि वजनकाट्यावर ग्रॅममध्ये प्रमाण लिहून ठेवलं तर पुढच्या खेपेला तीच छटा पुन्हा जमते. पांढरा रंग मात्र हवेतली प्रत्येक धूळ ओढून घेतो, तेव्हा तो सगळ्यात आधी मळायचा आणि मधूनमधून हात ओल्या पुसणीने पुसायचे. न भाजलेली क्ले काचेवर किंवा टाइलवर ठेवा. तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर काही प्लास्टिकना चिकटून त्यांना खातो.

जाडीच्या बाबतीत कुठलीच क्ले चमत्कार करत नाही. १:१२ मापात १ मिलिमीटर जाडीची बशी म्हणजे खऱ्या घरातली १२ मिलिमीटर जाडीची बशी, आणि अशी बशी कुणी हातात धरली आहे? प्रोफेशनल मी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ लाटते. तीही मापाने जाडच, पण काठ आतून थोडा उतरता केला की डोळ्याला खटकत नाही. १:२४ मापातल्या कपाच्या कानासाठी मी क्लेच्या भानगडीत पडत नाही, सरळ बारीक तार वापरते.

भाजण्यासाठी ११० अंश सेल्सियस आणि ३० मिनिटं सांगितली आहेत, ती पाळा. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. तापमान फार चढलं तर ही क्ले जळते, आणि ती पीव्हीसी या क्लोरीन असलेल्या प्लास्टिकची असल्यामुळे घशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. कमी भाजली तर वस्तू दिसायला ठीक असते, पण ठिसूळ राहते, आणि हा दोष टपालात उघडा पडतो. माझ्याकडे अदलाबदलीत आलेल्या दुसऱ्या एका क्लेच्या फुलदाणीचा गळा पाकिटातच तुटलेला होता. नीट भाजलेल्या फिमो प्रोफेशनलचं पातळ पान मी बोटात वाकवून बघते. ते थोडं लवतं आणि परत सरळ होतं. पाकिटात घालण्याआधीची माझी हीच परीक्षा.

चकाकी आणायला नेलपॉलिश लावू नका. त्यातल्या द्रावकामुळे पृष्ठभाग काही काळाने चिकट होतो, आणि ते घडतं दुसऱ्याच्या घरात पोचल्यावर. पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक वार्निश पुरेसं आहे. चिनीमातीच्या भांड्यांना ते लावा, फळं-पानं तशीच मॅट राहू द्या.

पहिल्या खरेदीला पांढरा, अर्धपारदर्शक, पिवळा, मॅजेंटा, निळा आणि काळा एवढे रंग पुरतात. पांढऱ्याच्या दोन वड्या घ्या, कारण फिक्या छटांमध्ये तोच सगळ्यात जास्त संपतो. दुकानात वडी अंगठ्याने दाबून बघा. किंचितही दबली नाही तर ती जुनी किंवा उष्णतेत राहिलेली असू शकते, आणि तिच्यावर कितीही घाम गाळला तरी ती हवी तशी मऊ होणार नाही.